ओ येईपर्यंत

आमच्याकडं अंतर अजूनही हाकेनं मोजतात. निरवांगीत कुणाची वस्ती विचारा, 'हे काय, हाकेच्या अंतरावर' असं उत्तर येतं आणि बोट नीरेकडं वळतं. ऊस उभा असला की हे अंतर आखडतं, तुटून गेला की पसरतं. माघातल्या पहाटे वारा पडलेला असताना नदीपलीकडच्या माळशिरस तालुक्यातली हाळी पाण्यावरून सरळ अंगणात येते. वैशाखातल्या वावटळीत शेजारच्या बांधावरचं बोलणंही कळत नाही. हाकेचं अंतर किती, हे हाक मारणाऱ्यावर थोडं आणि ऐकणाऱ्यावर जास्त ठरतं.

या हाकांच्या वरून शिकाऊ विमानं जातात. बारामतीच्या धावपट्टीवरून उडालेली, जेमतेम दोन माणसं मावतील एवढी. शेजारी कधी शिकवणारा असतो, कधी नसतो. २५ जुलै २०२२ ला सकाळी अकरानंतर असंच एक सेसना १५२ जातीचं विमान आमच्याच इंदापूर तालुक्यात, कडबनवाडीच्या शेतात कोसळलं. आत बावीस वर्षांची शिकाऊ वैमानिक एकटीच होती. जखमी झाली, पण वाचली. गावकरी धावले. पुढं ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामतीजवळ चार दिवसांत अशी दोन विमानं पडली.

कडबनवाडीत माणसं हाकेच्या अंतरावर होती. जिथं ती नसतात, तिथं पडलेल्यानं काय करायचं, हा प्रश्न त्या दिवसापासून माझ्या डोक्यात बसला. त्याच्यामागं जाता जाता मी एका मनगटी घड्याळापाशी पोचलो, आणि मग त्या घड्याळातून निघणाऱ्या एका वाक्यापाशी. हे वाक्य ४४ शतांश सेकंदाचं असतं. माणसाच्या कानाला ते ऐकू येत नाही. जगातल्या सगळ्या भाषांतली माणसं संकटात हेच एक वाक्य, याच व्याकरणात पाठवतात. रसग्रहण कवितेचं करतात, हे मला ठाऊक आहे. पण एकेक अक्षर तोलून, एकही जास्तीचं न ठेवता रचलेली ओळ समोर आली, की ती कुणी आणि कशासाठी रचली हे न बघता तिच्यापाशी बसावंसं वाटतं.

आधी घड्याळ. स्वित्झर्लंडच्या ब्राइटलिंग कंपनीनं १९९५ मध्ये वैमानिकांसाठी 'इमर्जन्सी' नावाचं घड्याळ काढलं. काटे, आकडे सगळं नेहमीचं, आणि त्याच पोटात संकटाचा रेडिओ-संदेश पाठवणारं यंत्र. २०१३ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती आली, ती दोन वेगळ्या लहरींवर बोलते. टायटॅनियमची ही डबी ५१ मिलिमीटर रुंद आहे, म्हणजे बारीक मनगटाच्या माणसाला ती अंगावर येते. डबीच्या कडेला फिरकीची टोपणं आहेत. टोपण फिरवायचं, ओढायचं, की आत गुंडाळून ठेवलेली अँटेनेची तार बाहेर येते आणि हाक सुरू होते.

मला या टोपणाचं फार कौतुक वाटतं. ते चटकन निघत नाही. चालता चालता धक्का लागून, झोपेत मनगट दबून, पोरानं खेळता खेळता दाबून हाक जाऊ नये, म्हणून ती मुद्दाम थोडी अवघड केलेली आहे. पहिल्या आवृत्तीच्या वेळी तर घेणाऱ्याकडून सही घेत: संकट नसताना हाक मारलीस तर शोधमोहिमेचा खर्च तुझा. लांडगा आला रे आला ही गोष्ट आपण पोरांना सांगतो. इथं ती धातूत ओतलेली आहे. आणि तरीही टोपण इतकं अवघड नाही की थंडीनं बोटं बधिर झालेल्याला किंवा एकच हात चालत असलेल्याला ते निघूच नये. निदान तसा प्रयत्न आहे. हाक सोपी हवी आणि स्वस्त नको, या दोन गोष्टींमधली ती चिमूटभर जागा कुणीतरी बसून शोधलेली आहे.

तारेची लांबीही वाचण्यासारखी आहे. रेडिओची लहर जितकी लांब, तितकी तिला बाहेर पडायला तार लांब लागते. लहरीच्या चौथ्या हिश्श्याएवढी असली की तार मोकळी बोलते. उपग्रहांकडं जाणाऱ्या ४०६ मेगाहर्ट्झच्या लहरीला त्या हिशेबानं सुमारे १८ सेंटिमीटर पुरतात, म्हणजे वीत. १२१.५ मेगाहर्ट्झला ६२ सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे हातापेक्षा थोडी जास्त. एका तारेनं दोन्ही कामं नीट होत नाहीत, म्हणून दोन तारा. एका मनगटात दोन गळे.

विमानातही असं यंत्र असतंच. ते शेपटीकडं बसवलेलं असतं आणि आदळल्याच्या हिसक्यानं आपोआप चालू होतं. ते सक्तीचं होण्यामागं माणसांचे जीव आहेत. मार्च १९६७ मध्ये कॅलिफोर्नियाच्या डोंगरांत एका कुटुंबाचं छोटं विमान पडलं. सांगाडा सापडला तो ऑक्टोबरात, आणि त्यात सोळा वर्षांच्या मुलीची रोजनिशी मिळाली. ती माणसं पडल्यानंतर पन्नासहून अधिक दिवस जगली होती. पुढं अमेरिकेत कायदा झाला. पण विमानातलं यंत्र विमानाचं असतं. विमान पेटतं, पाण्यात जातं, आदळताना अँटेनाच तुटते, किंवा वैमानिक हवाई छत्रीनं एकीकडं आणि विमान दुसरीकडं जातं. मनगटावरचं यंत्र माणसाबरोबर राहतं. जानेवारी २००३ मध्ये अंटार्क्टिकाजवळच्या समुद्रात हेलिकॉप्टर पडलेले दोन ब्रिटिश वैमानिक वाचले, त्यांच्या मनगटांवर हीच घड्याळं होती.

आता ते वाक्य.

त्याची सुरुवात शब्दानं होत नाही. पहिले १६० सहस्रांश सेकंद नुसती लहर जाते, तिच्यावर एकही अक्षर नसतं. वाक्याचा तिसऱ्या हिश्श्याहून मोठा भाग असा निःशब्द आहे. इतक्या तोलून वापरलेल्या वेळात ही उधळण कशासाठी, असं आधी मला वाटलं. मग एका संध्याकाळी नदीकाठी मेंढपाळाची हाळी ऐकताना उलगडलं. तो कधीही थेट नाव घेत नाही. आधी 'एऽऽऽ' असा लांब स्वर सोडतो आणि त्याच्या शेपटाला नाव बांधतो. तो स्वर अर्थासाठी नसतोच. समोरच्याचा कान आपल्याकडं वळावा, सूर जुळावा, मग नाव पडावं. उपग्रहावरचा ग्राहकही त्या कोऱ्या लहरीवर आपला सूर लावून घेतो.

त्यानंतर सलग पंधरा वेळा एकच अंक: एक, एक, एक. हा ठेका, पुढचा प्रत्येक अंक कुठं सुरू होतो आणि कुठं संपतो, हे ऐकणाऱ्याला कळावं म्हणून. मग नऊ अंकांची एक खूण येते: ०००१०११११. या नऊ अंकांपाशी मी बराच वेळ थांबलो. यंत्र नीट आहे का हे तपासून बघण्याची सोय असते, आणि तपासणीतही हेच सगळं वाक्य जातं. फक्त ही खूण बदलते, ०११०१०००० होते, आणि ऐकणारे समजतात की ही तालीम आहे, धावू नका. नाटकातली किंकाळी आणि खरी किंकाळी यांच्यातला फरक नऊ अंकांत ठेवलेला आहे. तालमीला जागा दिली म्हणून खऱ्या हाकेवरचा विश्वास टिकतो.

पुढं आणखी दोन अंक पुढचा मजकूर कोणत्या साच्यातला हे सांगतात, आणि मग दहा अंकांत देश. भारताचा क्रमांक ४१९. शून्य-एकच्या लिपीत तो ०११०१०००११ असा लिहिला जातो. माणूस कुठं पडला आहे तो हा देश नव्हे. यंत्राची नोंद जिथली, तो. आमच्याकडं अनोळखी पोर दिसलं की म्हातारी माणसं आधी 'नाव काय' विचारत नाहीत, 'कुणाचा रं तू?' असं विचारतात. वाक्याचा क्रम तोच आहे. आधी कुणाचा, मग कोण. 'कोण'साठी ४९ अंक आहेत. त्यांतून या एका यंत्राची अशी ओळख उभी राहते, जी जगात दुसऱ्या कुणाची नसते.

त्यानंतरचे एकवीस अंक नवं काहीच सांगत नाहीत. ते आधीच्या मजकुराचा ताळा आहेत. शाळेत गुणाकाराचा ताळा पाहिला की चूक आहे एवढं कळायचं. कुठं आहे ते कळायचं नाही. हा ताळा त्यापुढचा आहे. वाटेत तीन अंकांपर्यंत बिघडले, शून्याचा एक झाला किंवा एकाचा शून्य, तरी ऐकणारा त्यावरून मूळचे अंक परत उभे करतो. कीर्तनात बुवांचा आवाज दमानं तुटतो आणि मागचे टाळकरी तेच चरण उचलून पुरं करतात, तसं. वाक्य रचणाऱ्यांनी धरूनच चाललंय की बोलणाऱ्याचा आवाज फाटणार आहे, वाटेत डोंगर येणार आहे, तार अर्धी पाण्यात असणार आहे. निर्दोष हाकेची अपेक्षाच नाही. या एकवीस अंकांतली माया मला सगळ्यांत जास्त भिडते.

शेवटचे सहा अंक काय घडलं याच्यासाठी आहेत, आणि ते भरलेच पाहिजेत असं नाही. आग लागली की इंजिन बंद पडलं, ते नंतर. एकूण अंक ११२. सेकंदाला ४०० या गतीनं २८० सहस्रांश सेकंद, त्यात सुरुवातीचे कोरे १६०. झाले ४४ शतांश सेकंद. वाक्य संपलं.

आणि या वाक्यात 'कुठं' नाही.

पहिल्यांदा वाचताना मला ही मोठी उणीव वाटली. हरवलेल्या माणसानं सगळं सांगावं आणि ठिकाणच सांगू नये? आता नवी यंत्रं उपग्रहांकडून आपलं ठिकाण समजून घेतात आणि ते लांब वाक्यात घालून पाठवतात. हातात मावणारी, या घड्याळापेक्षा कितीतरी स्वस्त अशी यंत्रं मिळतात, आणि व्यवहारात तीच बरी. पण घड्याळाचं हे आखूड वाक्य त्या आधीच्या शहाणपणाचं आहे. हरवलेल्याला आपण कुठं आहोत हे ठाऊक नसतं, म्हणून तर तो हरवलेला असतो. त्याच्याकडून तेवढंच मागायचं जेवढं त्याच्यापाशी नक्की आहे: मी अमक्याचा, मी अमुक. कुठं, हे ऐकणाऱ्यानं शोधायचं.

ते कसं शोधतात? भिगवणच्या फलाटावर उभं राहून न थांबणारी मेल पाहिलेल्याला हे समजावून सांगायला नको. गाडी येताना शिट्टीचा सूर चढा असतो, समोरून गेली की एकदम उतरतो. इथं शिट्टी जमिनीवर एका जागी पडलेली आहे आणि कान आभाळातून धावतोय. सुमारे ८५० किलोमीटर उंचीवरचा उपग्रह सेकंदाला सात किलोमीटरहून जास्त वेगानं जातो. तो जवळ येत असताना हाकेचा सूर किंचित चढतो, दूर जाताना उतरतो; ज्या क्षणी तो ना चढा ना उतरता असतो, त्या क्षणी हाक मारणारा बरोबर बाजूला असतो. सूर किती झपाट्यानं उतरला यावरून तो किती लांब होता हे निघतं. अशा चार-पाच हाका मिळाल्या की सुमारे पाच किलोमीटरच्या आत ठिकाण हाती येतं. आता आणखी उंचावरचे, वीस हजार किलोमीटरच्या आसपासचे पुष्कळ उपग्रह एकाच वेळी ऐकतात आणि हे काम फार लवकर होतं.

सांजेला मेंढरं रानातून परततात तेव्हाचा वाड्यावरचा गलका ज्यानं ऐकलाय, त्याला यातलं काही नवं वाटणार नाही. दिवसभर मागं ठेवलेली कोकरं जाळीआड एकदम ओरडू लागतात. आपल्याला तो एकच कल्लोळ. पण प्रत्येक मेंढी त्यातून आपला आवाज निवडते आणि सरळ तिथं जाते. कोकरू एवढंच म्हणत असतं: मी, मी, मी. वाट आई काढते.

मग पन्नास सेकंदांचं मौन. यंत्र दर पन्नास सेकंदांनी तेच वाक्य म्हणतं, पण अगदी काटेकोर पन्नासांनी नाही. मुद्दाम अडीच सेकंद मागं-पुढं होतं. दोन माणसं एकाच वेळी हाका मारू लागली आणि दोघांची गती तंतोतंत एक असली, तर दर वेळी आवाजावर आवाज पडेल आणि दोघंही कुणाला कळणार नाहीत. म्हणून प्रत्येकाच्या थांबण्यात थोडा अनियम घातलेला आहे. कधीतरी एकाची हाक दुसऱ्याच्या मौनात पडेलच. हाक मारणाऱ्यानं दुसऱ्या हाक मारणाऱ्यासाठी जागा ठेवावी, हे इथं नियमात लिहिलेलं आहे. आणि त्या पन्नास सेकंदांत ऐकणारा उपग्रह तीनशेहून अधिक किलोमीटर पुढं गेलेला असतो. तीच हाक तो नव्या जागेवरून ऐकतो. थांबलं नसतं, तर 'कुठं' हे कळलंही नसतं.

ऐकणाऱ्यांची गोष्टही सांगायला हवी, थोडक्यात. १९७९ मध्ये अमेरिका, सोव्हिएत संघ, कॅनडा आणि फ्रान्स यांनी मिळून कॉस्पास-सारसॅट ही व्यवस्था उभी करायचं ठरवलं. एकमेकांवर क्षेपणास्त्रं रोखून बसलेल्या दोन सत्तांनी संकटात सापडलेल्याची हाक मात्र मिळून ऐकायची असं ठरवलं. जून १९८२ मध्ये पहिला उपग्रह गेला, तो सोव्हिएत. सप्टेंबरातच कॅनडात पडलेल्या एका छोट्या विमानातली तीन माणसं त्याच्यामुळं सापडली. भारताचा कान बेंगळुरूला, इस्रोच्या केंद्रात आहे. दुसरं ऐकणारं केंद्र लखनौला. हाक बेंगळुरूला पोचली की तिथून मुंबईसारख्या शोध-बचाव केंद्राला कळवतात. यंत्राच्या नोंदीत घरचा दूरध्वनी क्रमांक असतो, आणि तिथून बऱ्याचदा पहिला फोन घरी जातो: तुमचं माणूस कुठं आहे? डोंगर, समुद्र, आभाळ, सगळं ओलांडून ही ११२ अंकांची हाक शेवटी स्वयंपाकघरातल्या फोनवर येते. साखळीत पहिलं माणसाचं बोलणं तिथं सुरू होतं.

दुसरी तार राहिली. १२१.५ मेगाहर्ट्झ हा विमानांचा जुना संकट-पट्टा. घड्याळाच्या पहिल्या आवृत्तीत हीच एक होती. उपग्रह पूर्वी हा पट्टाही ऐकत. पण त्यावर 'मी कोण' हे सांगायची सोयच नव्हती, आणि त्यावरून येणाऱ्या हाकांत बहुतेक खोट्या निघत. अखेर १ फेब्रुवारी २००९ पासून उपग्रहांनी तो ऐकणं बंद केलं. मग २०१३ च्या घड्याळात तो का ठेवला? कारण उपग्रह पाच किलोमीटरपर्यंत आणून सोडतो. पुढचं माणसानं चालायचं असतं, आणि पाच किलोमीटरच्या जंगलात माणूस सापडत नाही. या दुसऱ्या तारेवर शब्द नाहीत, अंक नाहीत, फक्त सूर आहे. सहसा वरून खाली घसरणारा, सेकंदात दोन-तीनदा येणारा, हुंदक्यासारखा. शोधायला आलेल्या हेलिकॉप्टरमधलं यंत्र तो कोणत्या दिशेनं येतोय हे दाखवतं, आणि वैमानिकाच्या कानातल्या फोनमध्ये तो खरोखर ऐकू येतो. पहिली तार दूरच्या, हिशेब करणाऱ्या कानासाठी आहे. दुसरी जवळ आलेल्या माणसासाठी. पहिलीला नाव सांगावं लागतं. दुसरीला नुसतं रडलं तरी चालतं.

या घड्याळात मला खुपणारी गोष्टही आहे. ते लाखांतलं आहे. आमच्या डोक्यावरून जाणाऱ्या पोरापोरींपैकी कुणाच्या मनगटावर ते असण्याची शक्यता जवळजवळ नाही, आणि पहिल्या एकट्या उड्डाणाला निघालेल्या शिकाऊ वैमानिकापेक्षा त्याची गरज जास्त कुणाला आहे? इतकं नेमकं, इतकं मायाळू वाक्य दागिन्याच्या पेटीत राहावं, हे मला सहन होत नाही. खिशात मावणारी, कमी किमतीची यंत्रं तेच वाक्य बोलतात. ती प्रत्येक शिकाऊ उड्डाणात अंगावर असावीत, असं मी मनापासून म्हणतो.

दुसरी उणीव अधिक खोल आहे. घड्याळ बोलतं, पण त्याला कान नाहीत. बेंगळुरूला हाक पोचली, मुंबईला कळलं, घरी फोन वाजला, हेलिकॉप्टर निघालं, तरी माळावर पडलेल्याला यातलं काहीच समजत नाही. चोवीस तास हाक मारण्याचं बळ त्याच्या मनगटावर असतं, आणि एकाही हाकेला ओ येत नाही. मराठीत हाकेला 'ओ' हे उत्तर आहे. त्यात माहिती नसते, मदत नसते; ऐकलं, एवढंच असतं. आणि रानात रात्र काढलेल्या माणसाला विचारा, त्या एका अक्षरासाठी माणूस काय देईल.

हे रचणाऱ्यांनाही जाणवलं असावं. युरोपच्या गॅलिलिओ उपग्रहांनी २०२० पासून काही नव्या यंत्रांना 'तुझी हाक पोचली' असं उलट कळवायला सुरुवात केली. आणि ज्याचा मला जास्त आनंद आहे ते हे: आपल्या किनाऱ्यावरच्या मच्छीमारांच्या होड्यांसाठी इस्रोनं संकट-संदेशाचं जे यंत्र केलं होतं, त्याची २०२४ मध्ये पुढची पिढी आली, आणि तिला ओ येते. भर समुद्रात होडीवर कळतं की किनाऱ्यानं ऐकलं. लाखांच्या घड्याळाला जे नाही, ते खलाशाच्या होडीवर पोचलं.

परवा तिन्हीसांजेला मी नीरेच्या काठावर उभा राहून पन्नास सेकंद मोजले. घड्याळ न बघता, मनातल्या मनात. पंधरापर्यंत पलीकडच्या काठावर एक बाई भांडी घासत होती. विसाला तिनं मान वर केली. बारामतीकडं परतणारं एक विमान डोक्यावर आलं, पस्तिसाला ते उसापलीकडं गेलं आणि आवाज उतरला. चाळिसाला कुणीतरी वाड्यावरून हाळी दिली, एऽऽऽ, आणि पुढचं नाव वाऱ्यानं खाल्लं. सत्तेचाळीस. अठ्ठेचाळीस. नदीपलीकडून, अंधारातून, कुणीतरी म्हणालं, ओऽऽ.